टेप खाली ठिवा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची रेघ ओलांडली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात, तळमजल्यावर, छातीएवढं पाणी होतं. आम्ही बहिणीकडं विश्रामबागला. सहा दिवसांनी परत आलो ते खराटे आणि फावडी घेऊनच. हप्त्यानं घेतलेलं कपाट दुधात बुडवलेल्या पावासारखं फुगलं होतं. दार ओढलं तर दाराचा कोपरा हातात आला आणि आतून ओला भुसा गळला. दुकानदारानं ‘वुडन’ म्हणून गळ्यात मारलेलं ते कपाट म्हणजे दाबलेला भुसा आणि त्यावर लाकडाच्या चित्राचा कागद, हे त्या दिवशी कळलं.

त्याच खोलीत आजोबांचं सागवानी डेस्क होतं. उतरत्या झाकणाचं, बुटक्या पायांचं, समोर मांडी घालून बसायचं, जुन्या पेढ्यांवर असायचं तसलं. तेही सहा दिवस पाण्याखाली. खणात बोटभर गाळ आणि पाय जरा हलत होते, एवढंच.

मागच्या बोळात अण्णा राहतात. सुतार. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, आता मोठी कामं घेत नाहीत. त्यांनी डेस्क उलटं केलं, चारी पाय अंगठ्यानं दाबून बघितले आणि म्हणाले, “सरस गेला सगळा.” हाडाकातड्याचा सरस पाण्यात विरघळतोच, पूर्वीचे सुतार तो डब्यात गरम करूनच लावायचे. म्हणजे आमचं डेस्क बिनसरसाचं उभं होतं.

“मग पाय सुटले कसे नाहीत?”

अण्णांनी उत्तर दिलं नाही. पायाच्या वरच्या टोकाला चण्याएवढा एक गोल ठिपका होता. इतकी वर्षं तो मला लाकडाचा डाग वाटायचा. त्यावर त्यांनी सळीचा तुकडा धरला आणि दोन ठोके दिले. पलीकडून बांबूची खुंटी बाहेर आली. दोन इंचांची, मधोमध हलकीशी वाकडी. मी म्हटलं, पाण्यानं वाकली बिचारी.

“वाकली न्हाई. वाकिवल्याली हाय.”

एवढंच बोलून त्यांनी बाकीच्या खुंट्या काढल्या, पाय सावलीत वाळत टाकले आणि पंधरा दिवसांनी डेस्क परत जुळवून दिलं. ती वाकडी खुंटी मी ठेवून घेतली. कशाला, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मधे कोरोना झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पण या वेळी आम्ही शहाणे होऊन सामान आधीच माडीवर चढवलं होतं. ते डेस्क जिन्यातून वर नेताना मी नवऱ्याला म्हटलं, मला हे करायला शिकायचंय. त्याला वाटलं, मला जिना चढायची सवय करायचीय.

माझी नोकरी पतसंस्थेत हिशेबाची. दिवसभर दोन रकाने जुळवायचे, पैशाचा फरक आला तरी रात्री झोप नाही. अण्णांना विचारलं तेव्हा त्यांनी माझे हात बघितले, मग माझ्याकडं बघितलं. “पलंग करायचा तर सांगा, मी करून देतो. तुमी कशापायी?” मी चार रविवार त्यांच्या दारात जाऊन बसले. चौथ्या रविवारी म्हणाले, “दसऱ्याला या. नारळ आणा.”

खंडेनवमीला अण्णा सगळी हत्यारं पुसून, हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. करवती, रंधे, पटाश्या, गुण्या, वाकस, गिरमिट, आणि दोरीच्या धनुकलीनं फिरवायचा एक सामता, जो मी त्याआधी फक्त चित्रात पाहिला होता. दसऱ्याला मी नारळ वाढवला. मला वाटलं, आता काहीतरी हातात देतील. त्यांनी एक दगड दिला.

पुढचे तीन रविवार फक्त दगड. एका अंगाला भरड, एका अंगाला बारीक, वर रॉकेल आणि तेलाचं मिश्रण, आणि लाकूड कोरायची, बोथट झालेली एक इंची पटाशी. आधी पात्याची पाठ घासून आरशासारखी सपाट करायची. ती सपाट नसली तर पुढं टोकाचा तिरका उतार कितीही घासा, धार म्हणून काही तयारच होत नाही, कारण धार म्हणजे दोन सपाट बाजू जिथं भेटतात ती रेघ. मग उतार. पंचवीस अंशांचा मूळ उतार असतो, त्याच्या टोकाला आणखी जरासा उभा, तीसच्या आसपासचा. मी मोबाइलवर कोन मोजायचं ॲप उघडलं. अण्णांनी मोबाइल घेऊन खिडकीत ठेवला. “उतार दगडावर टेकला की टक असं बसतं. ते हाताला कळंस्तोर घासा.”

पहिल्या रविवारी काही कळलं नाही. दुसऱ्या रविवारी हात डुलत होता, त्यामुळं उतार नारळाच्या करवंटीसारखा गोल झाला. तिसऱ्या रविवारी अचानक पात्याच्या पाठीला बोटाला लागेल अशी बारीकशी कोर आली. धातू झिजून पलीकडं वळतो ती. ती आली म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. मग पाठ दोनदा दगडावर सपाट ओढायची की कोर गळून पडते. अण्णांनी पॅकिंगच्या खोक्यातली पाइनची फळी उभी धरली आणि तिच्या टोकाला पटाशी लावली, जिथं लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात तिथं. पाइन मऊ असतं, बोथट हत्यारानं ते तिथं कापलं जात नाही, चुरगळतं. पातळ, न तुटलेली चकती निघाली, मागं चकाकी. “आता हत्यार झालं,” म्हणाले. आतापर्यंत माझ्या हातात काय होतं, ते विचारलं नाही.

आता हे वाचून कुणाला शिकायची हुक्की आली तर सांगते: बाजारात नवी पटाशी मिळते तिला धार नसते. असते असं वाटतं. मी पहिल्याच आठवड्यात उत्साहानं सहा पटाश्यांचा संच मागवला होता आणि सहाही जशाच्या तशा वापरायला काढल्या होत्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

रंध्याची गोष्ट वेगळी. तो पहिल्या दिवशी आवडला. अण्णा स्वतः जमिनीवर बसून काम करतात. फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबतात, दोन्ही हात मोकळे. माझ्या गुडघ्यांना ते झेपेना, म्हणून त्यांनी मला जाड फळ्यांचं बाक ठोकून दिलं. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथं येतं तेवढं उंच, त्याला एक जुना व्हाइस. रंधा चौदा इंची, लोखंडी. पातं जास्त बाहेर काढलं तर तो लाकडात घुसून अडतो, कमी काढलं तर नुसता सरकतो. मधे कुठंतरी एक जागा असते, तिथं त्याचा आवाज बदलतो. खरखर जाऊन रेशमी कापड फाडल्यासारखा येतो, आणि वरून सुरळी निघते, इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येतं.

पण त्याच फळीवर दुसऱ्या टोकाकडून रंधा मारला तर लाकूड उचकटतं. मांजराला उलट्या केसांनी कुरवाळल्यासारखं. फळीच्या कडेला बघायचं, रेषा कुठल्या बाजूला वर चढतात. ज्या दिशेनं चढतात त्या दिशेनं रंधा न्यायचा. गाठीजवळ रेषा मुरडतात, तिथं पातं अगदी आत घेऊन रंधा तिरका धरायचा. सागवानात तर कधी कधी एकाच फळीत रेषा मधे पालटतात. मग निम्मी फळी इकडून, निम्मी तिकडून.

फळी गुळगुळीत झाली तेव्हा मी खूश. अण्णांनी फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि मला वाकून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीची कड बघायला सांगितलं. कडा समांतर नव्हत्या. फळीला पीळ होता. हाताला गुळगुळीत लागत होती, डोळ्याला सरळ वाटत होती आणि तरी पिळलेली होती. उंच असलेल्या दोन कोपऱ्यांवर पेन्सिलनं रेघोट्या मारायच्या, त्या रंध्यानं घालवायच्या, पुन्हा पट्ट्या ठेवायच्या. एक बाजू सपाट व्हायला मला पावणेदोन तास लागले. मग तिच्या शेजारची कड, गुण्या लावून, तिच्याशी काटकोनात. त्या दोन बाजूंवर पेन्सिलनं खूण करायची. त्यांना अण्णा ‘तोंड’ म्हणतात. यापुढची प्रत्येक रेघ, प्रत्येक खाच तोंडाच्या बाजूनंच मोजायची. गुण्या तोंडाला टेकवायचा, मार्किंग गेज, म्हणजे खिळ्यानं कडेला समांतर रेघ ओढायचं हत्यार, तेही तोंडाला टेकवायचं. दुसऱ्या बाजूनं चुकूनही नाही.

हिशेबातलं माणूस असल्यामुळं हे मला पटकन पटलं. सुरुवातीची शिल्लक एकच धरायची असते. दोन धरल्या तर वर्षअखेरीला बोंब.

पण टेपवरून आमचं वाजलं. चौकटीसाठी एका लांबीचे चार तुकडे हवे होते, सोळा इंची. मी चारही तुकडे टेपनं मोजले, खूण केली, कापले. शेजारी उभे केले तर चार उंचीची चार भावंडं. मी टेप तपासला, पेन्सिल तपासली, डोळ्यांचा नंबरही मनात आला. अण्णा बाजूला बसून तंबाखू मळत होते.

“टेप खाली ठिवा, ताई.”

त्यांनी चार नवे तुकडे घेतले, एकमेकांना चिकटवून क्लॅम्पमध्ये धरले आणि चौघांवरून गुण्यानं एकच रेघ ओढली. पेन्सिलनं नव्हे, चाकूच्या टोकानं. “सोळा हाय का साडेसोळा, कुणाला देणं लागतंय? चारी सारखी पायजेत.” पेन्सिलच्या रेघेला जाडी असते. चाकूच्या रेघेला एकच कड असते आणि पटाशी त्या कडेत स्वतःहून जाऊन बसते. माझ्या टेपच्या टोकाचा हुक थोडा हलतो, मी दर वेळी थोड्या वेगळ्या कोनातून बघते, पेन्सिल दर वेळी थोडी झिजलेली असते. चार वेळा मोजलं तर चार वेळा चुकायची संधी.

तेव्हापासून टेप खुंटीला. लाकूड वखारीत घ्यायचं असेल तेव्हा काढायचा, बाकी एका तुकड्याचं माप दुसऱ्यावर उचलायचं. आणि आकडा बोलायचाच झाला तर सुतात. आठ सूत म्हणजे इंच. मला आधी मिलिमीटर जवळचे वाटायचे. पण सूत बरं असतं, कारण ते हत्यारात राहतं. पटाश्या दोन सुती, तीन सुती, चार सुती, अशाच ओळखतात.

करवतीवर फार लिहीत नाही. ती शिकवून येत नाही, कापून कापून येते. एवढंच, की रेषेच्या दिशेनं उभं कापायची करवत वेगळी आणि आडवं कापायची वेगळी. पहिलीचे दात बारीक पटाश्यांसारखे, दुसरीचे चाकूंसारखे. आणि दात आळीपाळीनं डावी-उजवीकडं फाकवलेले असतात, त्यामुळं काप पात्यापेक्षा रुंद पडतो. हे कळलं की पुढची गोष्ट कळते: करवत रेघेवर चालवायची नाही, टाकाऊ लाकडाच्या बाजूनं चालवायची. मी पहिला साधा अर्धा-अर्धा सांधा केला, ज्याला अण्णा ‘हाप लॅप’ म्हणतात, त्यात रेघेच्या मधोमध कापलं. सांधा असा ढिला झाला की फुंकर मारली तरी हलायचा. अण्णा बघून म्हणाले, काप गेले आणि भोकं राहिली. मला ती म्हण पहिल्यांदाच इतकी शब्दशः लागू पडलेली दिसली.

खाच आणि कुसू. माझ्यासाठी सगळं शिक्षण इथं होतं. एका लाकडात चौकोनी खाच, दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ, ते कुसू. दाराची चौकट, बैलगाडी, वाड्याच्या तुळया, आमचं डेस्क, सगळं यावर उभं. अण्णांनी नियम सांगितला की खाच लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. जास्त केली तर खाचेच्या भिंती फुटतात, कमी केली तर कुसू मोडतं. मी एक स्टूल करायला घेतलं होतं, त्याचे पाय दहा सुती होते. मी शनिवारी रात्री घरी बसून हिशेब केला, दहा सूत म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, त्याचा तिसरा हिस्सा १०.५८. वहीत आकृती काढली, दोन्ही बाजूंना १०.५८ लिहिलं, बेरीज ३१.७४ आली म्हणून एका बाजूला १०.५९ केलं आणि समाधानानं झोपले.

रविवारी वही दाखवली. अण्णांनी चष्मा लावून नीट वाचली. मग पटाश्यांची पिशवी माझ्यापुढं उलगडली.

“यातली ही धा पॉइंट अठ्ठावन्नची काढा बघू.”

मी गप्प.

“बाजारात मिळती का?”

त्यांनी तीन सुती पटाशी उचलली आणि पायाच्या लाकडावर मधोमध उभी धरली. दोन्ही बाजूंना उरलेलं लाकूड डोळ्यानं बघितलं, मान हलवली. मग मार्किंग गेजच्या दोन खिळ्यांमधे ती पटाशीच धरली आणि खिळे तिच्या रुंदीला आवळले. बस. त्या गेजनं चारी पायांवर खाचा आखल्या आणि तेच गेज, न हलवता, आडव्या पट्ट्यांच्या टोकांवर फिरवून कुसवं आखली. खाच पटाशीएवढी होणार, कारण ती पटाशीच कोरणार आहे. कुसू खाचेएवढं होणार, कारण दोन्हींची रेघ एकाच खिळ्यांनी मारली आहे. मधे आकडा कुठंच नाही. पायाची जाडी खरंच दहा सूत आहे की नाही, हेदेखील कुणी विचारलं नाही.

मी वीस वर्षं आकड्यांवर पोट भरलं आहे. त्या दिवशी घरी जाताना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

खाच कोरताना पटाशी उभी धरायची, उताराची बाजू खाचेच्या आतल्या अंगाला, आणि लाकडी मोगरीनं ठोकायचं. खाचेच्या दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून मधून सुरुवात करायची, कारण ढलपी उचकून काढताना पटाशी ज्या कडेवर टेकते ती कड चेपते. ती चेपलेली कड शेवटी कापून टाकायची असते. हे मला सांगितलं होतं. मी विसरले. माझ्या पहिल्या खाचेची टोकं उंदरानं कुरतडल्यासारखी झाली. तिसऱ्या खाचेत भिंत फुटली. पाचव्या खाचेला, डाव्या हातानं लाकूड पुढून धरून उजव्या हातानं पटाशी ढकलली. हत्याराच्या पुढं हात ठेवायचा नाही, हा पहिल्याच दिवशीचा पाठ. पटाशी सटकली आणि अंगठ्याच्या बुडाशी गेली. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, जखम फार स्वच्छ कापलेली आहे, लवकर भरेल. मला, खोटं का बोला, धार चांगली लागली होती याचं बरं वाटलं. अण्णा मात्र रागावले. पंधरा दिवस हत्याराला हात लावू दिला नाही, नुसती झाडलोट करून घेतली.

तोवर सगळं पाइनवर आणि आंब्याच्या फळीवर चाललं होतं. स्टूल सागवानाचं करायचं ठरलं, पण वखारीत भाव ऐकून मी अर्ध्यातून परत फिरले. वखारवाले अजून ‘सीपी सागवान’ म्हणतात. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, जो प्रांत १९५० मध्येच मध्य प्रदेश झाला. चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग आता महाराष्ट्रात आला, तरी आलापल्ली, बल्लारशाकडचं लाकूड वखारीच्या वहीत अजून इंग्रजांच्या प्रांतात उगवतं. शेजारी घाना सागवान, स्वस्त, वाढीच्या रेषा अंतरा-अंतरावर. शेवटी पुरानंतर पाडलेल्या एका वाड्याच्या वाश्यांचे तुकडे मिळाले. वरून काळे, धुरकट; पहिला रंधा मारला आणि आतून मधासारखा रंग आणि तो तेलकट, चामड्यासारखा वास. दुसरा रंधा मारला आणि आत राहिलेला खिळा लागला. पात्याला दात पडला. परत दगड.

पाय, पट्ट्या, आठ सांधे. आठांपैकी पाच हातानं दाबून बसले, दोन मोगरीच्या ठोक्यानं, आणि एक ढिला, त्याला रंध्याची सुरळी चिकटवून जाड केलं. हे अण्णांनीच सुचवलं. सुतारकामात लबाडी नसते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

मग फेव्हिकॉलची बाटली उघडणार, तेवढ्यात अण्णांनी मला माझी ती जुनी खुंटी आणायला सांगितली. त्यांना ती आठवत होती. ती बाकावर ठेवून त्यांनी पायाला, खाचेच्या भिंतीतून आरपार, एक गोल भोक पाडलं. मग कुसू खाचेत बसवलं, भोकातून आत ड्रिलचं टोक टेकवून कुसवावर ठिपका उमटवला आणि कुसू परत बाहेर काढलं. आता त्या ठिपक्यावर भोक पाडायचं, मला वाटलं. त्यांनी ठिपक्याच्या अर्धा सूत अलीकडं पाडलं, कुसवाच्या मुळाकडं.

“चुकलं, अण्णा.”

“ठोका खुंटी.”

बांबूची खुंटी टोकाला निमुळती केली होती. ती पायाच्या भोकातून आत गेली, कुसवाच्या भोकाशी अडखळली, कारण भोकं एका ओळीत नव्हती. मी ठोकत गेले. खुंटीला वाट काढायला वाकावं लागलं, आणि वाकताना तिनं कुसू आत ओढून घेतलं. पट्टी आणि पाय यांच्या मधे उजेडाची केसभर फट होती, ती माझ्या डोळ्यांदेखत मिटली. क्लॅम्प नाही, फेव्हिकॉल नाही. मी स्टुलाचा पाय धरून हलवला. आख्खं बाक हललं.

जुनी खुंटी मी हातात घेतली. मधोमध वाकडी, अर्धा सूत.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण स्टुलाला वरची फळी हवी. सात-सात इंची दोन फळ्या कडेला कड लावून जोडल्या. तेही सुंदर आहे: दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून व्हाइसमधे धरायच्या आणि दोन्ही कडांवरून एकदम रंधा मारायचा. रंधा जरा कलता गेला तरी हरकत नाही, पुस्तक उघडलं की एकीचा कल दुसरीत भरून निघतो. सांधा बोटाला लागत नव्हता. ऑगस्टचा पाऊस चालू होता. ती फळी खाली बसवताना अण्णा गावाला गेले होते. जाताना सांगून गेले होते, वरची फळी चिकटवू नका, तिला हलायला जागा ठेवायची, मी आल्यावर दाखवतो. मी वाट बघितली नाही. फेव्हिकॉल आणि आठ स्क्रू. परत आल्यावर त्यांनी स्टूल उलटं करून बघितलं. मी आधीच वकिली सुरू केली. लाकूड वाड्याचं, शंभरेक वर्षांचं, ते आता कशाला हलतंय?

“म्हाताऱ्या माणसाचं गुडघं पावसात दुखत न्हाईत व्हय?”

लाकूड लांबीत हलत नाही म्हटलं तरी चालेल. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, कितीही जुनं असो. चौदा इंची सागवानी फळी वर्षात सूतभर कमीजास्त होते. खालच्या आडव्या पट्ट्या लांबीत तशाच राहतात. दोघांना स्क्रूनं जखडलं की एकाला हलायचंय आणि दुसरा सोडत नाही.

मार्चमध्ये एका रात्री स्वयंपाकघरातून काठी मोडल्यासारखा आवाज आला. मला वाटलं मांजर. सकाळी बघितलं तर स्टुलाच्या फळीला एका टोकापासून चार इंच चीर. दोन फळ्यांचा सांधा जिथल्या तिथं. चीर शेजारी, अखंड लाकडात.

अण्णांना बोलावलं नाही, मीच स्टूल घेऊन गेले. त्यांनी चिरेवरून नख फिरवलं. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरू का, विचारलं, तर म्हणाले, भरलं तर पावसाळ्यात फुगायला जागा कुठं, अजून लांब जाईल. आम्ही स्क्रू काढले. फेव्हिकॉलचा सांधा पटाशीनं सोडवायला अख्खा रविवार गेला. मग पट्ट्यांच्या आतल्या अंगाला लहान खाचा पाडल्या, आणि लाकडाच्या बोटभर खिट्ट्या केल्या, एक टोक खाचेत सरकणारं, दुसरं टोक फळीला स्क्रूनं. फळी खाली दाबलेली राहते, पण बाजूला सरकू शकते. खिट्ट्या मी केल्या. आठ. तीन सुती पटाशीनं.

चीर तशीच ठेवली आहे. तिच्या टोकाला पेन्सिलनं बारीक रेघ आणि तारीख घातली आहे, सवय जात नाही. त्या रेघेच्या पुढं ती गेलेली नाही. उन्हाळ्यात चिरेत पोस्टकार्ड जातं, श्रावणात वर्तमानपत्राचा कागदही शिरत नाही. सध्या पोस्टकार्ड जातंय.